चाळीस मुलांच्या ताटाचा हिशोब: बालगृहासाठी शेत कसं उभं करावं

दानात मिळालेली चार एकर जमीन आणि वर्षभरात तिच्यावर कंबरेपर्यंत वाढलेलं गाजरगवत, हे दृश्य मी वेगवेगळ्या बालगृहांत पाहिलं आहे. देणाऱ्याचं मन मोठं होतं, घेणारेही प्रामाणिक होते. गडबड सुरुवातीलाच झाली होती. जमीन हातात आली की विश्वस्तांच्या बैठकीत पहिला प्रश्न निघतो, "इथे काय चांगलं येईल?" मग कोणी डाळिंब सुचवतं, कोणी चंदन, कोणी शेततळ्यात मासे. त्या बैठकीत स्वयंपाकघरातलं कोणी नसतं.

मी शेती शिकलो आणि गेली काही वर्षं सुट्टीचे दिवस एका बालगृहाच्या शेतावर घालवतो. तिथे चुकत चुकत जे समजलं, ते इथे क्रमाने मांडतो आहे. हिशोब ४० मुलांच्या घराचा आणि चार एकर जमिनीचा धरला आहे. मुलं कमी-जास्त असतील तर त्या प्रमाणात आकडे बदलून घ्या. पाऊसमान मध्यम, म्हणजे ६००-७०० मिलिमीटरच्या पट्ट्यातलं धरलं आहे. कोकणातल्या किंवा माणदेशातल्या वाचकांनी पिकं आपापल्या भागाची घ्यावीत, पण कामाचा क्रम तोच ठेवावा.

आधी ताट मोजा

बाल न्याय अधिनियम २०१५ खाली केंद्राने २०१६ मध्ये जे आदर्श नियम काढले, त्यात बालगृहातल्या आहाराचा तक्ताच दिलेला आहे. दर मुलामागे रोज ६०० ग्रॅम धान्य (१६ ते १८ वयाला ७०० ग्रॅम), १२० ग्रॅम डाळी-कडधान्यं, १०० ग्रॅम पालेभाजी, १३० ग्रॅम इतर भाज्या, १५० मिलिलिटर दूध, १०० ग्रॅम दही किंवा ताक, शिवाय आठवड्यातून एकदा चिकन किंवा चार दिवस अंडी. तेल, गूळ, मसाले वेगळे.

याला ४० ने गुणलं की शेताचं उद्दिष्ट समोर येतं. रोज ४ किलो पालेभाजी, सव्वापाच किलो इतर भाज्या, साधारण १० लिटर दूध. आठवड्याला १६० अंडी. वर्षाला साडेसतरा क्विंटल डाळ आणि जवळपास ८८ क्विंटल धान्य.

आता हेच आकडे जमिनीवर उतरवू. बागायती गहू एकरी १२ ते १५ क्विंटल धरला, तर नुसत्या धान्यालाच सहा-सात एकर बागायत लागेल. तुरीचा कोरडवाहू उतारा एकरी ३-४ क्विंटल आणि भरडून डाळ पडते सुमारे ७० टक्के, म्हणजे सगळी डाळ घरची करायची तर आणखी सहा ते आठ एकर. चार एकरांत हे बसत नाही. भाजीचा हिशोब मात्र अगदी वेगळा निघतो. ४० मुलांची वर्षाची सगळी भाजी अर्ध्या एकरात, म्हणजे २० गुंठ्यांत होते. अंड्यांना एक खोलीभर जागा पुरते. दुधासाठी दोन गाई आणि २० गुंठे चारा.

म्हणून माझं ठाम मत आहे की क्रम असाच ठेवावा: पहिल्या वर्षी भाजी, दुसऱ्या वर्षी अंडी, मग दूध, उरलेल्या रानात डाळी आणि ज्वारी. गहू-तांदूळ विकत आणा, दानात घ्या, सरकारी योजनेतून मिळत असेल तर तिथून घ्या. धान्य पोत्यात टिकतं आणि दाते ते आनंदाने देतात. ताजी पालेभाजी रोज कोणी आणून देत नाही, आणि बालगृहाच्या ताटात नेमकी तीच कमी पडते.

तक्त्यातल्या आकड्यांवर डोळे मिटून विसंबूही नका. सहा वर्षांचं मूल ६०० ग्रॅम धान्य खात नाही. दोन आठवडे रोज किती शिजलं आणि किती उरलं हे तोलून लिहून ठेवा. आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "दादा, पिकतंय म्हणून रोज वांगी आणून टाकाल, तर पोरं ताटाला हात लावायची नाहीत." भाजीच्या पिकांची यादी त्यांनी सांगितली आणि मी लिहून घेतली. तुम्हीही तसंच करा.

जमिनीचे कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे सूट नाही. सातबारा आणि आठ-अ काढा. इतर हक्कांच्या रकान्यात कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा काय आहे ते वाचा. दात्याच्या भावंडांची संमती आहे का ते विचारा, कारण भावना ओसरल्यावर वाद तिथूनच सुरू होतात. शेतात बैलगाडी-ट्रॅक्टर जाईल असा वहिवाटीचा रस्ता नकाशावर आहे का, हेही पाहा.

कूळकायद्याच्या (महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८) कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला किंवा संस्थेला शेतजमीन विकणं, बक्षीस देणं किंवा भाडेपट्ट्याने देणं जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय चालत नाही. मराठवाडा आणि विदर्भाला वेगळे कूळकायदे लागू आहेत, पण अशी अट तिथेही आहे. तेव्हा नुसत्या स्टँपपेपरवर लिहून दिलेलं दान पुढे अडकतं. परवानगी घ्या, बक्षीसपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवा, फेरफार करून सातबाऱ्यावर ट्रस्टचं नाव लावा. ट्रस्टच्या मालमत्तेत भर पडली की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तोही विसरू नका.

एवढं करायला वेळ नसेल तर पहिली दोन वर्षं एक साधा मार्ग आहे. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर आणि त्याच्याच ताब्यात राहू द्या. तो किंवा त्याचं कुटुंब पिकवेल आणि ठरलेला माल संस्थेला दान देईल. तेवढ्यात दोन्ही बाजूंना एकमेकांचा अंदाज येतो.

विहीर मे महिन्यात मोजा

दाता जमीन दाखवायला ऑक्टोबरमध्ये बोलावतो. तेव्हा सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात. पाण्याचा अंदाज मेच्या दुसऱ्या आठवड्यात घ्यायचा. २०० लिटरचा ड्रम पंपाखाली ठेवा आणि किती सेकंदांत भरतो ते मोजा. ४० सेकंदांत भरला तर तासाला १८ हजार लिटर पाणी. मग पंप हवा ओढेपर्यंत किती वेळ चालतो आणि विहीर पुन्हा तेवढीच भरायला किती तास लागतात, हे वहीत लिहा. खरं पाणी म्हणजे चोवीस तासांत विहिरीत पुन्हा साचतं तेवढंच.

गरज मोजायची एक सोपी खूण लक्षात ठेवा: एका गुंठ्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०० लिटर. उन्हाळ्यात भाजीला रोज साधारण ५ मिलिमीटर पाणी धरलं, तर २० गुंठ्यांना १० हजार लिटर लागतं. तेवढंच चाऱ्याला. घराला पिण्या-वापरायला ४-५ हजार. हे पहिलं, शेताचं त्यानंतर. मेमध्ये एवढं पाणी नसेल तर भाजी आठ-दहा गुंठ्यांवर आणा आणि उरलेलं रान तापू द्या. बोअर आणखी खोल नेणं हा उपाय नाही.

दोन गोष्टी कमी खर्चात होतात. २,००० चौरस फुटांच्या छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर गळती धरूनही लाखभर लिटर पाणी मिळतं. ते पन्हाळीने गोळा करून गाळणीतून विहिरीत सोडा. दुसरं, मुलांच्या आंघोळीचं आणि कपडे धुण्याचं पाणी. ते एका खड्ड्यात निवळू द्या आणि केळी, नारळ, हत्तीघास यांना द्या. कोथिंबीर, मुळा, गाजर अशा कच्च्या खायच्या भाज्यांना ते पाणी कधीच देऊ नका.

पालेभाजी: दर आठवड्याला पेरणी

नवख्या शेतात हमखास दिसणारी चूक म्हणजे पाच गुंठे मेथी एकाच दिवशी पेरणं. महिनाभर काही नाही, मग एका आठवड्यात शेकडो जुड्या, आणि त्यानंतर पुन्हा काही नाही. बालगृहाला रोज ४ किलो हवी असते.

मेथी-पालक चौरस मीटरला ७०० ग्रॅम ते १ किलो निघते. आठवड्याला २८ किलो हवी म्हणजे दर आठवड्याला ४० चौरस मीटर पेरायचं. तीन बाय दोन मीटरचे सात सपाट वाफे. वार ठरवून टाका. आम्ही सोमवार धरला आहे. मेथी महिन्याभरात निघते, पालकाची पहिली कापणी तीस-पस्तीस दिवसांनी आणि मग दर पंधरा-वीस दिवसांनी मिळते, कोथिंबिरीला चाळीस दिवस लागतात. त्यामुळे सहा आठवड्यांचे वाफे एकामागून एक चालू राहतात. मोकळी जागा, बांध, फसलेले वाफे धरून पाच गुंठे पुरतात.

ऋतूचं भान ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात मेथी नीट वाढत नाही. तेव्हा तांदुळजा, राजमाठ, अंबाडी, घोळ लावा. जुलैच्या झडीत मेथी कुजते. तेव्हा अळू, शेवग्याचा पाला, भोपळ्याचे कोवळे शेंडे कामी येतात. बांधावर आपोआप उगवणारा टाकळा, कुर्डू, केना हेही ओळखता आले पाहिजेत. या भाज्यांची ओळख पुस्तकातून नीट होत नाही. गावातल्या एखाद्या आजींना जूनमध्ये दोन सकाळी बांधावर फिरायला बोलवा, मुलांनाही त्यांच्या मागे फिरू द्या. आमच्याकडे येणाऱ्या आजी मुलांना आधी पान चुरगळून वास घ्यायला लावतात, मग नाव सांगतात.

फळभाज्या आणि साठवणीचा माल

उरलेले पंधरा गुंठे तीन हंगामांत फिरवा. पावसाळ्यात भेंडी, गवार, दोडका, कारली, दुधी. हिवाळ्यात टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, गाजर, वाटाणा, वाल. उन्हाळ्यात पाणी असेल तेवढीच काकडी आणि गवार. वांगी आणि मिरची कडेला वर्षभर. एकाच जागी लागोपाठ टोमॅटो-वांगी-मिरची घेऊ नका, तिन्ही एकाच कुळातली आहेत आणि रोग एकमेकांना देतात.

जुलै-ऑगस्टमध्ये शेतात चिखल असतो आणि बाजारात भाजी महाग असते. बालगृहाची खरी अडचण या दोन महिन्यांत होते. तिची तयारी जानेवारीत करायची. उन्हाळी कांद्याची रोपं डिसेंबर-जानेवारीत लावली की एप्रिलमध्ये काढणी होते, आणि हवेशीर चाळीत तो चार-पाच महिने टिकतो. लाल भोपळा देठासकट काढून माळ्यावर ठेवला तर महिनोन्‌महिने राहतो. वाळवलेल्या गवारीच्या शेंगा, आंबोशी, सांडगे, चिंच या सगळ्यांना मे महिन्यातलं ऊन लागतं. वाळवणाचे चार दिवस मावशींच्या मदतीला दोन बायका रोजाने लावा. तो खर्च ऑगस्टमध्ये वसूल होतो.

आणखी एक बाब. दिवाळीत आणि मेमध्ये काही मुलं नातेवाइकांकडे जातात, घरात निम्मी पानं असतात. त्या पंधरवड्यांच्या आधीची पेरणी कमी करा, नाहीतर टोमॅटो उकिरड्यावर जातात.

बांधावर शेवगा (पीकेएम-१ किंवा कोकण रुचिरा), कढीपत्ता, लिंबू, पेरू, सीताफळ, आवळा लावा. पपई आणि केळी घराजवळ. शेवग्याला आठ-दहा महिन्यांत शेंगा धरतात, पेरूला दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. बालगृहाच्या आवारात शेवग्याची दहा झाडं असावीतच, पाला आणि शेंगा दोन्ही ताटात येतात.

माती हलकी असेल तर पहिल्या जूनमध्ये भाजीच्या रानात ताग पेरा, एकरी २०-२५ किलो बी, आणि फुलोऱ्यावर येताच, म्हणजे दीड महिन्याने, गाडा. माती परीक्षण जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात करून घ्या. तिथले लोक बालगृहाचं नाव ऐकून स्वतः शेतावर येतात, हा माझा अनुभव आहे.

अंडी

गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया अशा सुधारित देशी जाती घ्या. मुक्त फिरून त्या वर्षाला दीडशेच्या आसपास अंडी देतात. ६० कोंबड्या असतील तर मर, खुडूक बसणं, सगळं धरून आठवड्याला १६० अंडी जमतात. साठही एकदम आणू नका. तीस आता, तीस सहा महिन्यांनी, म्हणजे एक तुकडी म्हातारी होईपर्यंत दुसरी अंड्यावर असते. पिल्लू अंड्यावर यायला साडेपाच-सहा महिने लागतात, ते खाद्याचे पैसे आधीच बाजूला काढा.

रात्रीच्या खुराड्याला पक्ष्यामागे दोन चौरस फूट जागा, पाच कोंबड्यांना एक अंड्याचं खोकं, चारी बाजूंनी बारीक जाळी. जाळी जमिनीत फूटभर पुरा, कारण मुंगूस आणि रानमांजर खालून येतात. आम्ही ती पुरली नव्हती आणि एका रात्रीत अकरा कोंबड्या गेल्या. सकाळी मुलांनी ते पाहिलं. ज्यांनी आयुष्यात आधीच बरंच गमावलं आहे, त्यांच्यासमोर असं काही घडू नये, म्हणून खुराड्याच्या खर्चात काटकसर करू नका.

रानीखेत म्हणजे मानमोडीची लस वेळेवर द्या: पहिल्या आठवड्यात लासोटा, पुन्हा आठव्या आठवड्याच्या सुमाराला आर-टू-बी. खाद्य पक्ष्यामागे रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम. मका घरचा असला तरी पेंड आणि शिंपल्याची पूड विकत आणावी लागते. ६० कोंबड्यांचा खर्च रोज सहा-सात किलो खाद्याचा, हे हिशोबात स्वच्छ दिसू द्या.

दूध

गाय दान करायला लोक उत्सुक असतात. चाऱ्याची सोय झाल्याशिवाय एकही गाय स्वीकारू नका. दात्याला नम्रपणे म्हणा, "दादा, गाय आम्ही घेतो, तुम्ही तिचा वर्षाचा कडबा द्या."

१० लिटरांसाठी दोन संकरित गाई, सहा महिन्यांच्या अंतराने वेतात येणाऱ्या. गाय व्यायच्या आधी दोन महिने आटवावी लागते, त्या काळात दुसरी दुधावर असली पाहिजे. मराठवाड्यात देवणी ठेवायची इच्छा असेल तर चांगलंच, पण मग गाई तीन-चार लागतील आणि चाराही त्या मानाने. दोन गाई आणि वासरं धरून रोज साठेक किलो हिरवा चारा: पंधरा गुंठे संकरित नेपियर (राहुरीचे यशवंत, फुले जयवंत हे वाण चांगले) आणि पाच गुंठे लसूणघास. कोरड्या चाऱ्यासाठी रब्बी ज्वारी पेरा. दाणा भाकरीला जातो आणि कडबा गोठ्यात.

गाय आणण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून क्षयरोग आणि ब्रुसेलोसिसची तपासणी करून घ्या. हे दोन्ही आजार दुधातून माणसाला होतात. दूध उकळल्याशिवाय कोणाच्याही पेल्यात जाऊ नये, धारोष्णाचा हट्ट इथे नको. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी, लाळ्या-खुरकताची वर्षातून दोनदा.

दोन गाईंचं शेण रोज पंचवीस किलोच्या आसपास येतं. तेवढ्यात साधारण एक घनमीटर गोबरगॅस तयार होतो. त्यावर ४० जणांचा स्वयंपाक होणार नाही, सकाळचं दूध आणि चहा मात्र होतो. स्लरी, म्हणजे गॅस निघून उरलेला शेणकाला, भाजीला द्या.

शेत आणि मुलं

अशा कामाची चर्चा निघाली की आनंदवनाचं उदाहरण हटकून दिलं जातं. वरोऱ्याजवळच्या ओसाड रानात बाबा आमटे आणि कुष्ठरुग्णांनी शेती उभी केली, आपलं अन्न आपण पिकवलं. ते अतिशय मोठं काम आहे. पण तिथे प्रौढ माणसं स्वतःच्या कष्टाची भाकरी खाण्याचा मान परत मिळवत होती. बालगृहात मुलं आहेत. त्यांना भाकरी मिळणं हा त्यांचा हक्क आहे, त्यासाठी त्यांनी राबायचं नसतं. हा फरक विसरणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत, आणि मन विषण्ण होतं.

कायदाही हेच सांगतो. १४ वर्षांखालील मुलांना कोणत्याही कामावर ठेवता येत नाही, आणि बाल न्याय कायद्यात मुलांच्या शोषणाला शिक्षा आहे. पण कायद्याच्या आधी एक साधी कसोटी लावा: उद्या एकही मूल शेतावर आलं नाही, तर शेताचं काम अडेल का? अडणार असेल तर तुम्ही मुलांना मजूर केलं आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून पगारी माणसं ठेवा. चार एकरांना शेतीची जाण असलेलं एक जोडपं, राहायला खोली देऊन, आणि हंगामात रोजाने दोन-चार बायका. सगळ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या, कारण त्यांचा वावर मुलांमध्ये असणार. एका पाटीवर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक मुलांच्या उंचीवर लिहून लावा.

मग मुलांना शेतावर काय? ज्याला हवा त्याला त्याचा स्वतःचा वाफा. काय पेरायचं हे त्यानेच ठरवायचं. झेंडू लावला तर झेंडू. अभ्यासाच्या वेळेत नाही, शिक्षा म्हणून तर कधीच नाही. आणि नको म्हणणाऱ्याचं नको ऐकून घ्यायचं. आमच्याकडे ऊसतोडीच्या फडावरून आलेला एक मुलगा होता. खुरपं दिसलं की तो आत निघून जायचा. त्याला पहिलं दीड वर्ष कोणी शेतावर बोलावलं नाही. पुढे तो संध्याकाळी खुराड्याशी जाऊन बसायला लागला, नुसता बसायला. तिथेही त्याला कोणी काही काम सांगितलं नाही.

फोटोंबद्दलही सांगायला हवं. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड होईल असा फोटो किंवा माहिती प्रसिद्ध करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. देणगीच्या पत्रकावर कोबीचा, गाईचा, भरलेल्या टोपलीचा फोटो टाका. मुलांचे चेहरे नकोत.

विष आणि विहीर

शेत आणि मुलं एकाच आवारात असतील तर खालच्या गोष्टी पेरणीच्या आधी उरकायच्या.

कुंपणाला चंद्रज्योत किंवा कण्हेर असेल तर मुळासकट काढा. चंद्रज्योतीच्या बिया गोड लागतात म्हणून मुलं खातात आणि दवाखान्यात पोचतात. एरंड आणि धोतराही काढा. विहिरीला छातीएवढा कठडा आणि वर लोखंडी जाळी. शेततळ्याला कुलूपबंद कुंपण आणि आत दोर, कारण प्लॅस्टिकच्या कागदावरून पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही.

रासायनिक कीटकनाशक या आवारात आणूच नये असं माझं मत आहे. ५ टक्के निंबोळी अर्क (५ किलो निंबोळीची पूड, १०० लिटर पाणी), चिकट सापळे आणि कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर किडींना ओढणारे) यांवर घरच्या भाजीचं भागतं. थोडी भाजी किडकी निघेल, ती गाईला घाला. दशपर्णी अर्क सेंद्रिय आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्यात कण्हेर, रुई अशी विषारी पानं असतात. तो ड्रमही कुलपातच ठेवायचा.

धान्य आलं की उंदीर येतात आणि उंदरामागे साप. कोठार आणि खुराडं मुलांच्या झोपायच्या खोल्यांपासून लांब बांधा, रात्री वाटेवर दिवा ठेवा. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात असतं, हे जूनमध्येच जाऊन विचारून या आणि १०८ क्रमांकासोबत ते नाव भिंतीवर लिहा.

वही

शेताचा हिशोब संस्थेच्या हिशोबात मिसळू देऊ नका. स्वयंपाकघराच्या दारात तोलकाटा आणि एक वही. टोपली आली की वजन, आणि त्या आठवड्याच्या गावच्या बाजारातला भाव. महिन्याअखेरीला बेरीज केली की कळतं, शेताने किती रुपयांची भाजी दिली. दुसऱ्या पानावर बियाणं, वीज, खाद्य आणि मजुरी.

मजुरी हा सगळ्यात मोठा आकडा असतो. पहिली दोन वर्षं शेत तोट्यात दिसेल. विश्वस्तांना हे आधी सांगून ठेवा आणि तेवढ्या रकमेची सोय आधी करा. दाते रोप, गाय, ठिबकचा संच द्यायला तयार असतात. पगार द्यायला कोणी पुढे येत नाही. म्हणून "एका जोडप्याचा एका महिन्याचा पगार" अशीच देणगी मागा, आकड्यासकट. लोक देतात, आम्हाला मिळाली आहे. मिळणाऱ्या देणग्यांतला ठरलेला भाग कायम ठेवीत टाकून तिच्या व्याजातून मजुरी भागेल असं पाहा.

जास्तीचं दूध डेअरीला, जास्तीची भाजी आठवडी बाजारात. पण विक्रीसाठी पीक घेण्याचा मोह तिसऱ्या वर्षी होतोच, कारण तोवर शेत चांगलं दिसू लागलेलं असतं. त्या वर्षी वही उघडून पाहा: मुलांच्या ताटात १०० ग्रॅम पालेभाजी वर्षातले किती दिवस आली? तीनशेच्या वर दिवस आली असेल तर दोन-तीन गुंठ्यांत विक्रीचं काही लावायला हरकत नाही.

अठरा पूर्ण झालेल्या मुलांना घर सोडावं लागतं. एकवीसपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे घर सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय कायद्यात आहे. त्यातल्या एखाद्याला शेतीच करायची असेल, तर त्याला नोकरीवर घ्या. नेमणुकीचं पत्र द्या, बँकेत खातं उघडून द्या आणि पगार बाहेरून आलेल्या माणसाइतकाच ठेवा. आमच्याकडे आज गोठा सांभाळणारा तरुण असाच राहिला आहे. गाईंची वेतं, लशींच्या तारखा, कडब्याचा साठा, सगळं त्याच्या अक्षरात त्या वहीत आहे.